डोळे उघडलेले सीताफळ

सीताफळाच्या हंगामात पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटेच पुरंदरचा माल उतरतो. जाणता अडत्या फळ हातात घेतो, डोळे किती उघडलेत ते बघतो आणि सांगतो, ‘हे आजच खपवा, हे परवापर्यंत टिकेल.’ फळ मऊ पडते ते विकरांमुळे, म्हणजे एन्झाइममुळे. पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन ती विरघळवतात.

विकरे असेच काम शरीरातही करतात. कर्करोगाच्या गाठीभोवती कोलॅजेन या प्रथिनाचे जाळे असते. एमएमपी गटातली विकरे ते तोडतात आणि कर्कपेशींना बाहेर पडायला वाट मिळते. या गटातले पहिले विकर 1962 मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या आक्रसत्या शेपटीत सापडले. निरोगी शरीरालाही ही विकरे लागतात. जखम भरून यायची तर ती हवीच.

म्हणून विकर आहे एवढे कळून भागत नाही, ते जागे आहे का हे पाहावे लागते. शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा लगेच गोठवतात. त्याचा अर्क जिलेटिन, म्हणजे कोलॅजेनचेच एक रूप, मिसळलेल्या जेलमधून विजेच्या साहाय्याने सरकवतात. सुप्त विकर जड, ते मागे राहते. जागे झालेले हलके, ते पुढे जाते. मग जेल 37 अंशांवर ठेवून निळे रंगवतात. विकराने जिलेटिन खाल्ले असेल तिथे फिकट पट्टा उमटतो. पहिल्या टप्प्यातली गाठ, चौथ्यातली गाठ आणि निरोगी ऊती अशा एकाच जेलवर ताडून पाहता येतात.

टप्पा पाहणे फार महत्त्वाचे आहे. 1990च्या दशकात ही विकरे रोखणारी मारिमास्टॅटसारखी औषधे आली. ती बहुतांशी आजार बळावलेल्या रुग्णांना दिली गेली आणि अपेक्षेला उतरली नाहीत. जाळे आधीच तुटले होते, हे त्याचे एक कारण मानले जाते.

सीताफळ आणि कर्करोग ही जोडी पुण्याला नवी नाही. पुण्यात 1917 साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी इथल्याच कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी अभ्यासल्या. पुढे मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली.

यार्डातल्या माझ्या हमाल बांधवांनो, तोलणार भगिनींनो, तोंडाचा कर्करोग टाळायचा तर तंबाखू सोडा. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. फळाचा दिवस तुम्ही कधी चुकवत नाही. हाही चुकवू नका.