मित्रसंख्या आणि आपला अभिमान
(वार्षिक संमेलनातील भाषण)



"गणित आम्ही जगाला शिकवले" हे वाक्य आपल्या सभांतून नेहमी ऐकू येते. टाळ्या पडतात आणि आपण घरी जातो. आज टाळ्या नकोत. कागद-पेन्सिल घ्या आणि एक संख्या लिहा : १७२९६.

या संख्येला निःशेष भाग देणाऱ्या, तिच्याहून लहान अशा सर्व संख्यांची बेरीज करा. ती येते १८४१६. आता १८४१६ च्या विभाजकांची तशीच बेरीज करा. उत्तर येते पुन्हा १७२९६! अशा जोडीला मित्रसंख्या म्हणतात. २२० व २८४ ही सर्वांत लहान जोडी प्राचीन काळापासून ठाऊक होती.

पुढच्या जोड्या शोधायच्या कशा? नवव्या शतकात बगदादच्या साबित इब्न कुर्रा यांनी त्याचा नियम सिद्ध केला. ८ आणि १६ घ्या. प्रत्येकाच्या तिपटीतून १ वजा करा : २३ व ४७. मग ८ व १६ यांच्या गुणाकाराची नऊपट करून १ वजा करा : ११५१. या तिन्ही मूळ संख्या आहेत; म्हणून १६ × २३ × ४७ = १७२९६ आणि १६ × ११५१ = १८४१६ ही मित्रांची जोडी ठरते. हेच ४ आणि ८ घेऊन केले, तर ११, २३ व २८७ मिळतात. पण २८७ म्हणजे ७ × ४१. तेथे नियम लागू पडत नाही. तेव्हा प्रत्येक वेळी पडताळा घेणे आलेच.

इराणचे कमालुद्दीन फारिसी यांनी इ. स. १३०० च्या सुमारास नेमके हेच केले. थोरांनी सांगितले म्हणून ते थांबले नाहीत. साबित यांच्या नियमाची त्यांनी नवी सिद्धता दिली आणि ही जोडी मांडली. फ्रान्समध्ये फर्मा यांना ती १६३६ साली पुन्हा सापडली, आणि पुष्कळ काळ ती त्यांच्याच नावावर राहिली.

हे ऐकून छाती फुगली असेल, तर आणखी दोन गोष्टी ऐका. साबित हे मुसलमान नव्हते; ते हर्रानचे साबी होते, आणि ग्रीक ग्रंथ अभ्यासून त्यांनी अरबीत लिहिले. विद्येने त्यांची जात विचारली नाही. दुसरी गोष्ट, ११८४ व १२१० ही लहानशी जोडी या नियमात बसत नाही, म्हणून भल्याभल्यांच्या नजरेतून सुटली. ती १८६६ साली इटलीतील एका सोळा वर्षांच्या मुलाने शोधली.

अशा जोड्या अनंत आहेत की नाहीत, हे आजही कोणी सिद्ध केलेले नाही. मुलांनो आणि मुलींनो, पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगा. पण तो वारसाहक्काने मिळत नाही. आज घरी जाऊन १७२९६ चे विभाजक स्वतः मांडा. बेरीज जुळली, की फारिसींचे नाव घेण्याचा हक्क तुमचा.