आळ्याचा रेडा आणि चैतन्याचा प्रश्न

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, ते आळेफाटा. तिथून जवळच आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तोच हा रेडा; आळंदीला परतताना त्याने इथे देह ठेवला, असे परंपरा सांगते.

ही कथा नुसता चमत्कार म्हणून ऐकून सोडून देऊ नये. तिच्या पोटात तत्त्वज्ञानातला फार मोठा प्रश्न आहे: जाणीव फक्त माणसालाच असते का? कथेत आसूड रेड्याच्या पाठीवर पडतो आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटतात. दोघांतले चैतन्य एकच, हे याहून थेट कसे सांगणार? ‘अमृतानुभवा’त ज्ञानेश्वर हाच विचार तर्काने मांडतात. जग हा अज्ञानातून उपजलेला भास नाही, तो चैतन्याचाच विलास आहे, अशी त्यांची भूमिका.

हाच प्रश्न युरोपातल्या तत्त्वज्ञांनाही पडला. सतराव्या शतकात फ्रान्सच्या देकार्तने प्राण्यांना यंत्रांसारखे मानले. १७८९ मध्ये इंग्लंडच्या जेरेमी बेंथमने प्रश्नच बदलला: प्राण्यांना विचार करता येतो का, यापेक्षा त्यांना वेदना होतात का, हे पाहा. मला बेंथम पटतो. पण तो करुणेपाशी थांबतो. ज्ञानेश्वर एकत्वापर्यंत पोचतात, आणि तेही पाचशे वर्षे आधी.

आळेफाट्याला उतरलात तर चहा घेऊन लगेच निघू नका. आळ्याला समाधीचे दर्शन घ्या, आणि घरी गेल्यावर ‘अमृतानुभव’ जरूर वाचायला घ्या.