आपल्या फाइलमधला एक शब्द

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या शुभारंभाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या पहिल्या सचिवांनी केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, किरकोळ दुरुस्त्यांसह छापत आहोत. – स्मरणिका समिती)



मला समितीने सांगितलं, “काका, जुन्या आठवणी सांगा, दहा मिनिटं.” आठवणी सांगायच्या म्हणून मी कपाटावरची ट्रंक खाली काढली. २००० साली आपली सोसायटी नोंदली गेली, तेव्हाची कागदपत्रं त्यात आहेत. नोंदणी प्रमाणपत्र आहे, पहिल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आहे, बोअरवेलवाल्याची पावतीसुद्धा आहे. हे सगळं स्मरणिकेला देतो. पण त्यात आणखी एक कागद सापडला आणि त्यावरच मला आज बोलायचं आहे. थोडं कडू लागेल. पेढे नंतर आहेतच.

आपल्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर रो-हाऊसेसची योजना येते आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. साडेसहा हजार चौरस मीटरची जागा. दर्शनी बाजूला रो-हाऊसेस आणि मागे एका इमारतीत अठ्ठावीस लहान सदनिका. त्या प्लॉटवर विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. ते मैदान प्लॉटच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवावं, असा प्रस्ताव आहे. त्याची जाहीर सूचना पेपरात आली आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हरकतीच्या पत्राचा मसुदा फिरू लागला. नऊ मुद्दे आहेत. परवापर्यंत एकतीस सह्या झाल्या होत्या. माझी अजून नाही. का नाही, ते सांगतो.

मी नगररचना खात्यात अनुरेखक म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. साहेब कधी झालो नाही, पण नकाशे आयुष्यभर पाहिले. त्यामुळे आधी प्रक्रिया समजावून घेऊ. आपल्याकडे एखाद्या इमारतीला बांधकाम परवानगी देताना शेजाऱ्यांची सुनावणी होत नाही. नकाशा नियमात बसला की परवानगी मिळते. शेजाऱ्यांना बोलायची संधी आराखडा तयार होताना मिळते किंवा मंजूर आराखड्यात बदल करायचा असतो तेव्हा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम ३७ खाली असा बदल करताना सूचना प्रसिद्ध करावी लागते, हरकती व सूचनांसाठी एक महिना द्यावा लागतो आणि हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं ऐकावं लागतं. मग प्रस्ताव शासनाकडे जातो. शासन तो मंजूर करतं, फेरफार करून मंजूर करतं किंवा फेटाळतं. म्हणजे आपल्याला मिळालेला हा एक महिना मोलाचा आहे. तो नीट वापरला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

आता आपले नऊ मुद्दे. मी लाल पेन घेऊन बसलो. सवय जात नाही!

तीन मुद्दे अस्सल आहेत. पहिला, मैदान जिथे हलवायचं म्हणतात तो तुकडा ओढ्यालगतचा, लांबट आणि निमुळता आहे. तिथे मुलं क्रिकेट खेळणार कशी? दुसरा, त्या मैदानाला थेट सार्वजनिक रस्ता हवा. वाट खासगी गेटातून गेली, तर कागदावर मैदान सार्वजनिक राहील आणि प्रत्यक्षात वॉचमन मुलांना हाकलेल. तिसरा, ओढा. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीत आंबिल ओढ्याने पुण्यात काय केलं, ते आपण पाहिलंय. ओढ्याकाठी भराव टाकून मैदान करू नका, हे ठणकावून सांगायलाच हवं.

चार मुद्दे खरे आहेत, पण पत्ता चुकलाय. पाण्याचा दाब, ड्रेनेज, पार्किंग, बांधकामाचा आवाज. ही गाऱ्हाणी बांधकाम परवानगी आणि पाणीपुरवठा विभागाकडे करायची. प्रकल्पाची महारेरावर नोंदणी झाली की मंजुऱ्या आणि घरांची संख्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. त्यावर लक्ष ठेवू. मी शिकवीन कसं पाहायचं ते.

उरले दोन. आठवा मुद्दा : “अल्प उत्पन्न गटातील सदनिकांमुळे परिसराचा दर्जा खालावेल.” नववा : “सदर सदनिका अन्यत्र हलवाव्यात.”

या दोन्हींना या सुनावणीत काहीच जागा नाही. या सदनिका बिल्डरने दानधर्म म्हणून ठेवलेल्या नाहीत आणि कुणा अधिकाऱ्याची ती मेहेरबानीही नाही. तो नियम आहे. २०१३ मध्ये तो आला आणि डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही आहे. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर गृहप्रकल्प केला, की मूळ चटईक्षेत्राच्या वीस टक्के भागात ३० ते ५० चौरस मीटरची घरं बांधावीच लागतात. म्हाडाच्या सोडतीच्या जाहिरातीत “२० टक्के सर्वसमावेशक योजना” असं वाचता ना, तीच ही. घरं कुणाला द्यायची ते बिल्डर ठरवत नाही, सोडत ठरवते.

आणि या “अल्प उत्पन्न” शब्दाला आपण इतके घाबरतो, तर त्याचा अर्थ तरी पाहू. २०२२ पासून पुणे परिसरात अत्यल्प गटाची मर्यादा आहे वर्षाला सहा लाख आणि अल्प गटाची नऊ लाख. अख्ख्या कुटुंबाची, नवरा-बायको दोघांची मिळून. म्हणजे महिन्याला पन्नास हजार किंवा पंचाहत्तर हजार. जरा मनातल्या मनात आपापल्या घरातली पोरं मोजा. नुकतं लग्न झालेली, खासगी शाळेत शिकवणारी, हॉस्पिटलात नर्स असलेली. किती जण या मर्यादेत बसतात? माझा सख्खा भाचा बसतो. तीन वर्षं सोडतीचा अर्ज भरतोय. दर वेळी अनामत रक्कम परत येते आणि त्याची आई म्हणते, “देवाच्या मनात नाही.” उद्या त्याला याच अठ्ठावीस घरांपैकी एक लागलं, तर मी काय त्याला सांगू, की बाबा रे, तुझ्यामुळे मामाच्या परिसराचा दर्जा खालावला?

आपल्या बी विंगमध्ये स्वयंपाकाला येणाऱ्या ताई दोन बस बदलून येतात. त्यांची बस चुकली की आपल्या ग्रुपवर सकाळी सात वाजता गोंधळ सुरू होतो. त्या जवळ राहायला आल्या तर आपल्याला चालणार नाही, पण उशिरा आल्या तर तेही चालत नाही!

आता तो कागद. ट्रंकेतला.

तरुण सभासदांना माहीत नसेल, पूर्वी नागरी कमाल जमीन धारणेचा कायदा होता, १९७६ चा. आपण युएलसी म्हणायचो. महाराष्ट्रात तो २००७ साली रद्द झाला. शहरातली जास्तीची मोकळी जमीन सरकारजमा व्हायची. पण कलम २१ मध्ये एक सवलत होती. मालकाने त्या जमिनीवर समाजातल्या दुर्बल घटकांसाठी घरं बांधली, प्रत्येक घर ८० चौरस मीटरच्या आत ठेवलं, तर ती जमीन जास्तीची धरली जात नसे. आपल्या जमिनीच्या मालकांनी ती सवलत घेतली. योजना वर्षानुवर्षं रेंगाळली आणि शेवटी आपल्या तीन इमारती उभ्या राहिल्या. योजनेच्या आदेशाची प्रत माझ्या हातात आहे. विषयाच्या ओळीत लिहिलंय : “दुर्बल घटकांसाठी गृहयोजना.”

दुर्बल घटक म्हणजे आपण. हे अठ्ठेचाळीस फ्लॅट.

मला हे तेव्हापासून माहीत होतं. खात्यातच होतो, माहीत नसेल कसं? पण पंचवीस वर्षांत मी हा शब्द कुणापुढे उच्चारला नाही. मुलाचं लग्न जमवताना तर नाहीच. लाज वाटायची. आणि त्या लाजेला कारण होतं. आपण राहायला आलो तेव्हा पलीकडच्या बंगल्यांच्या कॉलनीत बोललं जायचं, “चाळ येतेय.” त्यांनी मधलं फाटक बंद केलं. आपल्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन वळसा घालून यायच्या. माझ्या पत्नीला तो वळसा शेवटपर्यंत विसरता आला नाही. पुढे फाटक उघडलं, गणपतीत एकमेकांकडे जाणं-येणं सुरू झालं. आज त्यांची नातवंडं आपल्या बाळगोपाळांबरोबर खेळतात. दर्जा कुणाचा खालावला? कुणाचाच नाही. कोपऱ्यावर किराणा दुकान आलं, बसथांबा आला, तो आपण आल्यामुळेच.

मी असं म्हणत नाही, की भीती खोटी आहे. गर्दी वाढेल. रस्ता आहे तेवढाच राहील. आपण आयुष्यभराची कमाई या घरात घातली आहे, त्याची किंमत घटेल की काय ही धाकधूक मलाही आहे. पण गाड्या रो-हाऊसवाल्यांच्या जास्त असतील, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्यांच्याबद्दल आपल्या पत्रात एक ओळ नाही.

व्यवहाराचंही सांगतो. सुनावणीला बसलेला माणूस असं पत्र वाचतो तेव्हा आठवा आणि नववा मुद्दा आधी त्याच्या नजरेत भरतो. मग तो म्हणतो, “अच्छा, यांना गरीब शेजारी नकोत.” आणि मैदान, रस्ता, ओढा हे तीन अस्सल मुद्दे त्याच गठ्ठ्यात जातात. टेबलाच्या त्या बाजूला मी बसलोय, म्हणून सांगतो.

तेव्हा माझी विनंती अशी. हरकत घ्या, जरूर घ्या. तीनच मुद्दे ठेवा. आणि दुसऱ्या मुद्द्यात एक ओळ वाढवा : मैदानाची वाट अशी हवी, की आपली मुलं, रो-हाऊसमधली मुलं आणि त्या अठ्ठावीस घरांतली मुलं, सगळी कुणाच्याही फाटकाची परवानगी न मागता आत येतील. असं पत्र केलंत तर पहिली सही माझी. जुनंच पत्र पाठवायचं ठरलं, तर तो तुमचा अधिकार आहे, मी रागावणार नाही. सही मात्र करणार नाही, कारण या ट्रंकेत तो कागद आहे.

मुदत संपायला अठरा दिवस आहेत. रविवारी विशेष सभा आहे. कागदाची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लावतोय. वाचा, मग या.

दहा मिनिटांची वीस झाली. पेढे गार होत नाहीत म्हणून बरं.

(स्मरणिका समितीची टीप : रविवारच्या विशेष सभेला एकोणचाळीस सभासद हजर होते. चर्चा अडीच तास चालली आणि शांततेत झाली असे म्हणता येणार नाही. तीन मुद्द्यांच्या नव्या पत्रावर तेहतीस सह्या झाल्या. सहा सभासदांनी सही केली नाही. पत्र मुदतीत दाखल झाले. सुनावणीला सोसायटीतर्फे तिघे गेले होते. स्मरणिका छापायला जाईपर्यंत शासनाचा निर्णय आलेला नाही. झेरॉक्स अजून नोटीस बोर्डावर आहे.)