दुरुस्ती की नवी खरेदी?

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



बंद पडलेला जुना लॅपटॉप दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा विषय अभ्यासवर्गाच्या मानाने क्षुल्लक वाटेल. परंतु शाखेचा पत्रव्यवहार, सभासदांच्या याद्या, मुलांचे शिक्षण आज याच यंत्रावर चालते. हा खर्चाचा प्रश्न आहेच. पण तो केवळ खर्चाचा नाही, एवढेच मला मांडावयाचे आहे.

प्रथम व्यवहार पाहू. लॅपटॉप ‘गेला’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा एखादाच भाग गेलेला असतो. बॅटरी, कीबोर्ड, बिजागरी, पंखा हे झिजणारे भाग आहेत. ते बदलता येतात. यंत्र मंदावले असेल तर फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवून ते आणखी काही वर्षे वापरता येते. मदरबोर्ड जळाला किंवा सुटा भागच मिळेनासा झाला, तर मात्र दुरुस्तीचा हट्ट धरू नये. तेव्हाही तपासून घेतलेला जुना लॅपटॉप आपल्या कामास बहुधा पुरतो.

बाजाराचा ठोकताळा असा की, दुरुस्तीचा खर्च नव्या किमतीच्या निम्म्यावर गेला की नवे घ्यावे. हा हिशेब अपुरा आहे. लॅपटॉपमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरताना नव्हे, तर तयार होतानाच पडतो. बॅटरीतील कोबाल्टचा निम्म्याहून अधिक पुरवठा काँगोच्या खाणींतून होतो आणि तेथे मुलांनाही राबविले जाते. ही किंमत पावतीवर छापलेली नसते. उलट दुरुस्तीला दिलेल्या पैशाचा काही भाग तापकीर गल्लीसारख्या ठिकाणच्या कारागिराची मजुरी असते. तांबट आळीच्या या शहराला दुरुस्तीची प्रतिष्ठा नव्याने शिकविण्याची गरज नसावी.

पण हा निर्णय खरोखर आपण घेतो काय? रॅम बोर्डावरच डाख देऊन पक्की केलेली, बॅटरी चिकटवलेली, सुटे भाग आणि माहितीपुस्तिका कंपनीच्या मुठीत: अशा यंत्राचे भवितव्य कारखान्यातच ठरलेले असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित आधार संपविला. धडधाकट असूनही अनेक यंत्रे पुढच्या आवृत्तीस अपात्र ठरली. त्यांच्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली चालू शकते. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाची तशी प्रणाली विकसित केली आहे.

आणि टाकलेला लॅपटॉप जातो कोठे? तांबे आणि सोन्यासाठी तारा जाळल्या जातात, बोर्ड आम्लात बुडविले जातात. शिसे आणि विषारी धूर मजुराच्या छातीत जातो. चिरडलेली लिथियम बॅटरी पेट घेते, तेव्हा भाजतो तो कचरा वेचणाऱ्यांचा हात. याच शहरात १९९३ साली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही कष्टकऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली. त्यांच्या श्रमाचे मोल जाणणाऱ्यांनी निदान लॅपटॉप कचऱ्याच्या बादलीत टाकू नये. तो ई-कचरा संकलनातच द्यावा.

कायदा नाही असे नाही. २०२२च्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली. त्या व्यवसायातील कामगारांची नोंदणी व सुरक्षितता राज्य सरकारांकडे सोपविली. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीच्या हक्का’चे संकेतस्थळ काढले. परंतु संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण दाखविणे सक्तीचे झाले. आपणही तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत: सुटे भाग ठरावीक वर्षे रास्त दरात मिळावेत, माहितीपुस्तिका स्वतंत्र कारागिरांना खुल्या असाव्यात, भंगार हाताळणाऱ्यांची नोंदणी आणि संरक्षण प्रत्यक्षात यावे.

तोवर शाखांनी एक साधी शिस्त पाळावी. यंत्र बंद पडताच खरेदीचा ठराव मांडू नये. आधी दोन कारागिरांकडून तपासणी आणि खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा, त्यावर बैठकीत चर्चा करावी आणि मगच ठरवावे. नवे घेणे भागच पडले, तर जे उघडता येते, ज्याचे भाग मिळतात, तेच घ्यावे. जी वस्तू उघडण्याचा अधिकार आपल्याला नाही, तिचे आपण मालक नसून केवळ गिऱ्हाईक असतो.