छातीचें क्ष-किरण चित्र कसें वाचावें



लातूर आणि नांदेड या दोन शहरांचें नांव हल्लीं वैद्यकीय प्रवेश-परीक्षेच्या शिकवणीसाठीं महाराष्ट्रभर घेतलें जातें. दूरदूरच्या गांवांतून मुलें येथें येऊन राहतात, रात्रीचा दिवस करितात, आणि त्यांतलीं कित्येक पुढें डॉक्टर होतात. नांदेडास १९८८ सालीं व लातुरास २००२ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. अंबाजोगाईचें त्याहून जुनें. चार पर्यायांतून एक अचूक उत्तर निवडण्याची विद्या या मुलांनीं उत्तम कमावलेली असते. परंतु महाविद्यालयांत गेल्यावर त्यांच्यापुढें असा एक मजकूर येतो, कीं ज्यांत प्रश्नही लिहिलेला नसतो आणि पर्यायही नसतात. तो मजकूर म्हणजे छातीचें क्ष-किरण चित्र. मी वैद्य नव्हे. मुलांना वाचावयास शिकविणें एवढाच माझा व्यवसाय होता. तरी हें चित्रही वाचावयाचेंच असतें, म्हणून आज त्याविषयीं चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

जर्मनींतील वुर्ट्झबर्ग येथें प्राध्यापक रंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं हे किरण प्रथम आढळले. त्यांचें स्वरूप अज्ञात, म्हणून बीजगणितांतील अज्ञात राशीचें अक्षर त्यांना मिळालें. मराठींत त्याचा 'क्ष' झाला. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक रंटगेन यांनाच देण्यांत आलें. या किरणांचें चित्र ही एक सांवली होय. जो पदार्थ किरणांना अधिक अडवितो तो पांढरा उमटतो, जो जाऊं देतो तो काळा. हवा काळी, चरबी काळसर करडी, मांस आणि पाणी करडें, हाड पांढरें, धातु सर्वांत पांढरा. हीच या लिपीची वर्णमाला. रक्त, पू, पाणी आणि मांस यांची छटा जवळजवळ एकच असते, ही गोष्ट मनांत पक्की ठसविली पाहिजे. पुढील सर्व सावधगिरीचें मूळ येथें आहे.

वाचण्यापूर्वीं मजकूर नीट उमटला आहे कीं नाहीं तें पाहावें. प्रथम रोग्याचें नांव, तारीख आणि उजवी-डावी बाजू दाखविणारी खूण. रोगी आपल्याकडे तोंड करून उभा आहे असें समजून चित्र पाहावयाचें, म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हातास येते. नेहमींचें चित्र रोग्यास उभें करून, छाती फलकाला टेकवून, सुमारें सहा फुटांवरून पाठीमागून किरण सोडून घेतात. अंथरुणावरील रोग्याचें समोरून घ्यावें लागतें. त्यांत हृदय फलकापासून दूर राहिल्यामुळें वाजवीपेक्षां मोठें दिसतें. दिवा आणि भिंत यांच्यामध्यें हात धरून पाहावा. हात भिंतीपासून दूर नेला कीं सांवली वाढते. नंतर रोग्यानें श्वास पूर्ण घेतला होता काय, हें फासळ्या मोजून ठरवावें. श्वासपटलाच्या वर मागील बाजूच्या नऊ-दहा फासळ्या दिसाव्या. श्वास अर्धवट असला तर निरोगी फुप्फुसही खालच्या भागीं पांढुरकें दिसतें. गळ्याजवळच्या दोन्ही हाडांचीं आंतील टोकें कण्याच्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर असावीं. नसल्यास रोगी वळलेला होता असें समजावें.

मग क्रम. श्वासनलिका मध्यभागीं आहे, कीं एका बाजूस ओढली अथवा ढकलली गेली आहे? हृदयाची रुंदी छातीच्या आंतील रुंदीच्या निम्म्याहून अधिक तर नाहीं? श्वासपटलाच्या दोन कमानींपैकीं उजवी किंचित् उंच आहे ना? फासळ्या आणि पटल यांमधील कोन टोकदार आहे, कीं पाणी सांचून बोथट झाला आहे? त्यानंतर दोन्ही फुप्फुसें एकमेकांशीं ताडून वरपासून खालपर्यंत पाहावीं, आणि शेवटीं फासळ्या व खांदे. फुप्फुसांचीं शिखरें, हृदयामागील जागा आणि श्वासपटलाखालची जागा या तीन ठिकाणीं नवशिक्याची नजर हटकून चुकते. डाव्या पटलाखालीं जठरांतील हवेचा बुडबुडा स्वाभाविक असतो. परंतु पोटावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली नसतां, उभ्यानें घेतलेल्या चित्रांत उजव्या पटलाखालीं काळी कोर दिसली, तर जठर किंवा आंतडें फुटल्याचा दाट संशय घ्यावा. तेथें एकेक तास मोलाचा असतो.

येथें परीक्षेची एक संवय आड येते. परीक्षेंत उत्तर सांपडलें कीं पुढचा प्रश्न घ्यावयाचा. तेथें तीच हुशारी. चित्रांत मात्र एक दोष सांपडला कीं डोळा समाधान पावतो आणि दुसरा तसाच राहून जातो. मोडलेली फासळी दिसते. पण तिच्यामुळें फुप्फुसाभोंवतीं शिरलेली हवा केसासारख्या बारीक रेषेवरूनच ओळखावी लागते. त्या रेषेपलीकडे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या दिसत नाहींत. मोडलेली एखादी फासळी बहुधा आपोआप सांधते. ती हवा प्राण घेऊं शकते. म्हणून उत्तर सांपडल्यावरही क्रम पुरा करावा, हा या विद्येचा पहिला दंडक.

आपल्या देशांत या चित्राची मोठी कामगिरी क्षयरोगाच्या बाबतींत आहे, कारण जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें एक-चतुर्थांश भारतांत आहेत. प्रौढांत हा रोग बहुधा फुप्फुसाच्या शिखराकडे डाग किंवा पोकळी करितो. परंतु वर सांगितलेली वर्णमाला येथें आठवावी. तसाच डाग बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा व्रण असूं शकतो, न्यूमोनियाचा असूं शकतो, कर्करोगाचाही असूं शकतो. चित्र संशय दाखवितें, निकाल देत नाहीं. निकालासाठीं थुंकीची तपासणी हवी. उलट, चित्र स्वच्छ आहे म्हणून रोग नाहींच, असेंही म्हणतां येत नाहीं. एका डागाच्या बातमीवरून ठरलेलें लग्न मोडतें, नोकरीच्या भीतीनें कर्ता माणूस खोकला लपवितो, हें आपल्या समाजांत घडत आलें आहे. तें अर्धवट वाचनाचेंच फळ. दोन आठवडे खोकला हटला नाहीं, संध्याकाळीं ताप येऊं लागला, वजन घटलें, तर सरकारी रुग्णालयांत जावें. तेथें तपासणी आणि औषधें मोफत मिळतात, आणि औषध पुऱ्या मुदतीपर्यंत घेतल्यास बहुतेकांचा रोग बरा होतो.

घरच्या मंडळींनींही कांहीं गोष्टी पाळाव्या. जुनें चित्र रद्दींत टाकूं नये. दोन वर्षांपूर्वींच्या चित्रांत जसाच्या तसा असलेला डाग आणि आज नव्यानें उमटलेला डाग, यांचा अर्थ अगदीं वेगळा. गरोदरपणाचा संभव असल्यास आधींच सांगावें. एका चित्रासाठीं लागणारे किरण इतके थोडे असतात, कीं तेवढे निसर्गांतून आपणांस थोड्या दिवसांत मिळतातच. म्हणून गरजेच्या चित्रास भिऊं नये, आणि हौसेनें काढूंही नये. आणि डॉक्टरांना हकीकत खरी व पुरी सांगावी. तंबाखू, जुनें दुखणें, घरांतील दुसऱ्याचा खोकला, यांतलें कांहींही चित्रावर लिहून येत नाहीं.

हल्लीं संगणकही अशीं चित्रें वाचून संशयाची जागा दाखवूं लागला आहे, आणि त्याचें साहाय्य अवश्य घ्यावें. तथापि आज लातूर-नांदेडच्या शिकवणींत बसलेला एखादा मुलगा उद्यां आडगांवच्या आरोग्यकेंद्रावर एकटा असेल. शेजारीं तज्ज्ञ नसेल, आणि बाहेर रोग्याची माणसें उभीं असतील. त्या वेळीं पाठांतरापेक्षां, नांवापासून शेवटच्या फासळीपर्यंत क्रम न सोडतां पाहण्याची संवयच त्याच्या उपयोगी पडेल. ती लावून घेण्यास पहिल्या वर्षापासून आरंभ करावा, एवढें सांगून आपली रजा घेतों.