दोन आज्या

परदेशी शिकायला जाणे ही आता आपल्या बीड जिल्ह्यात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. माझ्या लहानपणी तालुक्यातला एखादा इंजिनिअर अमेरिकेला निघाला, की एस. टी. स्टँडवर हार घेऊन माणसे जमत आणि पुढे वर्षभर त्याच्या पत्रांची चर्चा चाले. आज धारूर, केज, वडवणीकडच्या खेड्यांतून मुली डॉक्टर व्हायला परमुलखात जातात. आणि ते देशही असे, की त्यांची नावे शाळेच्या नकाशात बोट फिरवून शोधावी लागतात. अशाच एका मुलीविषयी आज तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत. तिचे नाव मी सांगत नाही. अंबाजोगाईला आमच्या कॉलेजात ती अकरावी-बारावी शिकली, एवढे पुरे.

वैद्यकी शिकायला समुद्रापार गेलेली आपल्यातली पहिली मुलगी कोण, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात घेतले आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. त्या 11 मार्च 1886 ला डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर तीनचार महिन्यांतच, 26 फेब्रुवारी 1887 ला, पुण्यात वारल्या. त्यांच्या धैर्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. मला मात्र त्या मावशीच्या घराचे मोठे अप्रूप वाटते. परक्या देशात शिकणाऱ्या पोराला कॉलेज, पैसा, पुस्तके हे सगळे लागतेच. पण सुटी लागली की जायला एक घर लागते. ते आनंदीबाईंना लाभले होते.

आता आमच्या मुलीची गोष्ट. बालाघाटच्या रांगेतले तिचे गाव. वडिलांचा ट्रॅक्टर. दिवाळी झाली की ते ट्रॅक्टर घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यावर ऊस वाहायला जात, आणि तिची आईही बरोबर जाई. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की दोघे परत येत. तोवर पोरगी आजीआजोबांपाशी. आपल्या जिल्ह्यात हे काही वेगळे सांगायला नको. कोयत्यावर जाणारी जोडपी असोत की मुकादम असोत, निम्मे गाव सहा महिने कारखान्याच्या कोपीत आणि गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे. काही ठिकाणी शाळेत हंगामी वसतिगृह चालते. पण पुष्कळ लेकरांचे वसतिगृह म्हणजे आजीची चूल.

बारावीनंतर ती 'नीट' परीक्षा पास झाली, पण सरकारी कॉलेजात जागा मिळण्याइतके गुण नव्हते आणि खासगी कॉलेजची फी आवाक्यात नव्हती. ते वर्ष 2022. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले होते, तिथली आपली मुले विमानांनी परत आणली गेली होती, आणि युक्रेनकडे जाणारी वाट बंद झाली होती. मग एजंटाने दुसरे नाव सुचवले, किरगिझस्तान. दोन एकर रान विकले गेले. तिला 'जा' म्हणून सांगणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो.

गावाहून एस. टी.ने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, तिथून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, आणि दिल्लीहून विमानाने बिश्केक. मौज अशी, की सगळ्यांत कमी वेळ विमानाला लागला. बिश्केक ही त्या देशाची राजधानी. सोव्हिएत अमदानीत, 1926 ते 1991, तिचे नाव फ्रुंझे होते. शहराच्या दक्षिणेला बर्फाचे डोंगर आडवे उभे. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढे. आजोबांना याचा फार धीर वाटे. म्हणत, "अर्ध्या घंट्याचाच तर फरक हाय, म्हंजी लई लांब नसंल."

शिक्षण इंग्रजीत आहे असे एजंटाने सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. पण वॉर्डातल्या खाटेवरचा रोगी इंग्रजी बोलत नाही. तो रशियन बोलतो किंवा किरगीझ. पोट कुठे दुखते हे त्याला विचारायचे, तर त्याची भाषा यायला हवी. पहिल्या वर्षी शरीरशास्त्राच्या जोडीने रशियन लिपी गिरवावी लागली. त्यात थंडी. पारा उणे दहाच्या खाली उतरला, तेव्हा या पोरीने फोनवर आजीला विचारले, "वाकळ कशी शिवतेस गं?"

2023 च्या उन्हाळ्यात सुटी लागली. घरी येण्याचे तिकीट परवडणारे नव्हते. वसतिगृह रिकामे झाले. तेव्हा वर्गातली एक किरगीझ मैत्रीण म्हणाली, "माझ्या आजीच्या गावी चल." इसिक-कुल नावाचे एक प्रचंड सरोवर तिकडे आहे, समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवर. पाणी किंचित खारट; हिवाळ्यातही गोठत नाही, म्हणून नावाचा अर्थच 'उष्ण सरोवर'. त्याच्या दक्षिण काठाला जर्दाळूच्या बागा. तिथे मार्शुतका नावाच्या लहान गाडीतून, म्हणजे आपल्याकडच्या काळीपिवळीतूनच म्हणा ना, दरीतल्या रस्त्याने ती गेली.

त्या घरात भाकरीला 'नान' म्हणतात आणि चहाला 'चाय'. आजीला 'चोंग एने', आजोबांना 'चोंग आता'. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा पेला पुढे आला, तेव्हा ही गांगरली. ताक समजून डोळे मिटून एक घोट घेतला आणि दुसरा घेतला नाही. ते कोणी मनावर घेतले नाही. जाडजूड लोकरी नमद्याचे रंगीत तुकडे कापून, एकात एक बसवून आजी जाजम शिवीत बसलेली. त्याला 'शिरडाक' म्हणतात. आमची पोर जवळ जाऊन बसली आणि बोटाने टाके मोजू लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण सुई, दोरा आणि जुने तुकडे ही भाषा दोघींची एकच होती.

आणि त्या घरात दोन लहान मुले होती. मैत्रिणीच्या काकाची. आईबाप कुठे, तर मॉस्कोला. बाप इमारतीच्या कामावर, आई एका स्वयंपाकघरात. वर्षावर्षाने येतात, पैसे पाठवतात. अशी घरे त्या गावात कितीतरी. त्या देशाच्या उत्पन्नाचा केवढा तरी भाग रशियात राबणाऱ्या माणसांनी घरी धाडलेल्या पैशांतून येतो, आणि लेकरे वाढतात ती आजीआजोबांपाशी. संध्याकाळी फोन वाजला की ती दोन मुले हातातले टाकून धावत. हे सांगताना ती मला म्हणाली, "सर, मी अंगणात उभी होते आणि मला वाटलं, मी आमच्याच गावात आहे. फक्त डोंगरावर बर्फ आहे."

धाकट्याने विचारले, तुझे आईवडील काय करतात? ती म्हणाली, ऊस वाहतात. ऊस म्हणजे काय, हे त्याला समजेना. त्यांच्याकडे साखर होते बिटापासून. तेव्हा तिने वहीत ऊस काढून दाखवला, कोयता काढला, ट्रॅक्टर काढला. पोराला ट्रॅक्टर तेवढा ओळखू आला.

चिंगीझ आइत्मातोव हा त्या देशाचा थोर कथाकार. त्याची 1970 सालची 'पांढरे जहाज' ही कादंबरिका आहे. आईबापांनी टाकून दिलेला सात वर्षांचा एक मुलगा आजोबांपाशी राहतो आणि दुरून इसिक-कुलमधले जहाज बघत बसतो. आपला बाप त्यावर खलाशी आहे, अशी त्याची समजूत. मी ती कथा पूर्वी वाचली होती, पण परक्या मुलखाची म्हणून वाचली होती.

पुढच्या वर्षी, मे 2024 मध्ये, 17 तारखेच्या रात्री बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला. स्थानिक तरुण आणि परदेशी विद्यार्थी यांच्या मारामारीची चित्रफीत पसरली होती, त्याचे हे पर्यवसान. मुलांनी बाहेर पडू नये, असे आपल्या वकिलातीने कळवले. ही पोरगी इतर मुलींबरोबर दिवे मालवून खोलीत बसून होती. इकडे बालाघाटात आजी फोन हातात धरून उजाडेपर्यंत जागी. सकाळी मैत्रिणीच्या आजीने नातीला फोनवर बजावले, वातावरण निवळले की त्या हिंदुस्थानी पोरीला घेऊन इकडे ये. चारपाच दिवसांनी त्या दोघी इसिक-कुलला गेल्या.

जुलैमध्ये ती घरी आली, दोन वर्षांनी पहिल्यांदा. आणि आजीने जाहीर केले, आता परत जायचे नाही. वडिलांना काय बोलावे कळेना. रान तर विकून झालेले. मला बोलावणे आले. ओसरीवर बसलो. आजी म्हणाली, "सर, तुमीच धाडलंत. आता तुमीच सांगा, लेकरू परत न्हाई जायाचं म्हणून." आजोबांचा प्रश्न निराळाच होता. "सर, परत गेली तर डागतर व्हईलच का?"

या प्रश्नाला सरळ 'होय' म्हणता येत नाही. तुमच्या घरातले कोणी जाणार असेल, तर तुम्हीही तो आधी विचारा. 2021 च्या नोव्हेंबरमधल्या नियमांप्रमाणे तिकडचा अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, इंग्रजीतून हवा, आणि त्यानंतरचे 12 महिन्यांचे प्रात्यक्षिक त्याच संस्थेत झालेले हवे. मधेच कॉलेज बदलून चालत नाही. एवढे करून परत आले, की इथे 300 प्रश्नांची परीक्षा. 150 बरोबर आले तर पुढची वाट मोकळी. ती पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच नेहमी अधिक असतात. एजंटाच्या रंगीत कागदावर ही शेवटची ओळ नसते. आमच्याही वेळी नव्हती, आणि मी ती शोधली नाही. गुरुजी म्हणवणाऱ्याने शोधायला हवी होती.

हे सगळे मी आजोबांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नातीकडे वळून म्हणाले, "तुला काय वाटतं?" पोरगी म्हणाली, "अर्धं कापलेलं रान तसंच टाकून टोळी परत येती का, बाबा?" आजी उठून आत गेली. मला वाटले, रागावली.

ऑगस्टअखेर तिला निरोप द्यायला मी स्टँडवर गेलो. एक भली मोठी पिशवी आजीने दोरीने आवळून बांधली होती. आत जवसाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, आणि जुन्या लुगड्यांची नवी शिवलेली वाकळ. मी म्हटले, "आजी, विमानात वजनाचा हिशोब असतो, आणि हिच्याकडे एक वाकळ आहेच की." आजी म्हणाली, "ही तिची न्हाई. त्या तळ्याकाठच्या बाईची हाय."

वजन जास्तच भरले. दिल्लीला पोरीने दोन जाड पुस्तके काढून सोडायला आलेल्या मामेभावाजवळ दिली. ती अजून माझ्याकडे, कपाटात आहेत.