आधी कागद, मग प्रवास

मंडळी, २०१७ साली आपल्या देशात फुटबॉलची मोठी स्पर्धा झाली. जगातल्या २४ देशांची मुले खेळायला आली. सगळी १७ वर्षांखालच्या गटातली. सामने सहा शहरांत झाले. त्यातले एक नवी मुंबई. २५ ऑक्टोबरला तिथे स्पेन आणि माली या देशांचा सामना होता. आम्ही गावातले पाच जण जाणार होतो.

एक जण म्हणाला, "चला, निघू या!" आम्ही म्हटले, "थांब गड्या, आधी कागद आण."

कागदावर लिहिले. मैदान कुठे? नेरूळला. जायचे कसे? पनवेलहून लोकल गाडीने. पैसे किती लागतील? सामना रात्री सुटणार, मग मुक्काम कुठे? एकाच्या मेहुण्याकडे. त्याला आधी कळवले. त्याचा पत्ता पाचही जणांच्या खिशात ठेवला.

त्याच दिवशीचा दुसरा सामना गुवाहाटीला व्हायचा होता. पण पावसाने तिथले मैदान खराब झाले, म्हणून तो कोलकात्याला नेला. वर्तमानपत्रात हे वाचले, तेव्हा आम्ही आपलेही ठिकाण पुन्हा पाहून घेतले. ते बदलले नव्हते.

सामना छान झाला. स्पेनने ३–१ असा जिंकला. पण बाहेर पडताना गर्दीत आमचे तात्या चुकले. आमच्या पोटात गोळा आला! शोधशोध शोधले आणि शेवटी घरी गेलो. बघतो तर तात्या ओट्यावर चहा पीत बसलेले!

तात्यांनी साठाव्या वर्षी अक्षरे गिरवली होती. खिशातला पत्ता अन् रस्त्यावरच्या पाट्या वाचत ते एकटे पोचले होते.